फुरफुर थांबली तेव्हा

पिंपळगाव राजात विहिरीवरची मोटार जळाली की मोतीरामशिवाय कुणाचं चालत नसे. माझं किराणा दुकान त्याच्या शेजारीच. माणूस तोंडाचा फाटका. वायंडिंग करता करता गिऱ्हाइकाचा उद्धार करायचा, आणि गिऱ्हाईक तरीही परत यायचं.

मागल्या साली त्याचा उजवा दंड फुरफुरायला लागला. कातडीखाली, आपोआप, सारखा. पुरुषाचा उजवा दंड फुरफुरणं शुभ, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्याचा थोरला भाऊ शंकरराव तर म्हणाला, "लक्ष्मी येऊन राह्यली, पाह्यजो!" लक्ष्मी कुठली यायला? हातातून पक्कड निसटू लागली, दंड वाळत गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: स्नायू हलवणाऱ्या नसा मरताहेत, फुरफुर त्याचीच खूण, आणि बरं करणारं औषध नाही.

मग शंकररावाने एक मालिशवाला शोधून आणला. त्या भामट्याच्या झिंज्या उपटाव्यात असं मला आजही वाटतं. काही महिने त्याचं तेल चोळल्यावर दंड शांत झाला, आणि शंकरराव पेढे घेऊन माझ्या दुकानात हजर, मागोमाग मोतीराम आणि त्याची बायको अन्नपूर्णा. ती रोज त्या दंडावर हात ठेवून बघायची. ती तर आनंदाने रडलीच. पहिला पेढा मला मिळाला आणि मी मूर्खासारखा खाल्लाही.

मोतीराम भडकला. "काऊन रे दादा, मोटार गूं गूं करते तवर करंट येऊन राह्यला असते. गप झाली म्हनजे जळली! माह्या दंडात हलाले मासच उरलं नाही, अन् तू पेढे वाटून राह्यला?"

"बरा होऊन राह्यला तू. शुभ बोल," शंकरराव म्हणाला.

अन्नपूर्णाने पेढा नवऱ्याच्या तोंडापुढे धरला. "रागावू नका हो. तोंड गोड करा."

मोतीरामने तोंड उघडलं, पण पेढ्यासाठी नाही. आ करून त्याने जीभ दाखवली. ती जागच्या जागी फुरफुरत होती, दंड फुरफुरायचा तशीच. अन्नपूर्णाचा हात तिथेच राहिला.

मग त्याने शंकररावाला, मालिशवाल्याला, मला आणि देवालाही अशा शिव्या घातल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. शंकररावाने हात जोडले. "बस कर बे, लोकं पाहून राह्यले."

"देऊ दे मले," मोतीराम ओरडला. शब्द जरा जडच निघाले. "हात गेला तसं बोलनंही जाईन. मंग तुमाले शिव्या कोन देईन?"