गुंडीचा दीड फेरा

फिटरकाकांच्या उजव्या अंगठ्याला ठसा म्हणून उरला नव्हता. कारखान्यात एकतीस वर्षं कानस चालवून तो आधीच गुळगुळीत झाला होता, आणि उरलासुरला रविवारच्या मासेमारीनं पुसून टाकला. कुठल्या कचेरीत यंत्रावर अंगठा टेकवायची वेळ आली की यंत्र त्यांना ओळखच देत नसे. तळ्यावर येणारा न्हावी म्हणायचा, "काका, जगातले अंगठेबहाद्दर निदान अंगठा तरी उठवतात. तुमचं तेही बोंबललं!"

पण तळ्याकाठच्या क्लबात त्या अंगठ्याला मान होता. आमिषाचा जड लाकडी मासा लावून आडव्या रिळानं लांब फेक करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मासा सुटतो तो जोरात, त्याच्या ओढीनं रिळातली फिरकीही भन्नाट फिरायला लागते. पुढे मासा हवेत मंदावतो, पण फिरकीला ते कोण सांगणार? ती आपली दोरी सोडतच राहते. त्या दोरीला जायला वाट नसते, मग ती रिळातच फुगते, स्वतःतच गुंतते आणि क्षणात अशा जटा होतात की बघणाऱ्यालाच घाम फुटावा. तिथे अंगठा लागतो. फिरकीवर तो नुसता टेकलेला असावा, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तसा. आणि मासा पाण्याला शिवायच्या आत फिरकी थांबवावी. फिटरकाका सांगायचे, "जड माशाला झटका देऊ नका, झोका द्या. झटका दिलात की फिरकी तुमच्या हातातून गेलीच म्हणून समजा."

लोक पिशवीत जटा झालेलं रीळ घालून, चोरी पकडल्यासारखं तोंड करून त्यांच्या घरी येत. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी टेबल, टेबलाला वस्तू घट्ट धरायचा लोखंडी शेगडा बसवलेला, शेजारी तेलाची चिमुकली बाटली. काका बायकोची क्रोशाची सुई घेऊन एकेक फास उकलत बसत.

"अहो, त्या सुईला मासळीचा वास लागलाय. मी रुमाल विणू की कालवण करू?"

"रुमालच कर. मांजर तरी सांभाळून ठेवेल."

त्यांना एकच मुलगी. बारा वर्षांची असल्यापासून ती त्यांच्याबरोबर तळ्यावर जाऊ लागली. मागच्या अंगणात दोरीला नटबोल्टांची पुरचुंडी बांधून तिनं फेकायचा सराव केला, शेजारणीच्या दोन कुंड्या फोडल्या आणि एकोणिसाव्या वर्षी क्लबातल्या मिशाळ गड्यांच्या बरोबरीनं फेकू लागली. फक्त एका बाबतीत बापलेकीचं जमत नसे. रिळाच्या कडेला एक गुंडी असते. ती आवळली की फिरकी जड होते, सैल केली की मोकळी. काकांचा नियम असा की रॉड आडवा धरून मासा खाली सोडावा. तो सावकाश उतरला पाहिजे आणि जमिनीला टेकताच फिरकी आपोआप थांबली पाहिजे. मुलगी गुंडी त्याहून सैल ठेवायची.

"मला अंगठा आहे ना, बाबा? मग गुंडी कशाला?"

"अंगठा रोज सारखा नसतो, बाई."

"गुंडी रोज सारखी असते, म्हणून फेकही रोज तेवढीच जाते."

त्या वर्षी क्लबाच्या स्पर्धेतून पहिले दोघे समुद्रकाठच्या मोठ्या सामन्याला जाणार होते. आजवर एकही मुलगी गेली नव्हती. तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेला लाल शाईचं वर्तुळ काढलं होतं आणि त्यावरून आईशी दोनदा भांडली होती, कारण आईनं त्याच चौकोनात गॅसची नोंद केली. प्रत्येकाला तीन फेकी, त्यातली सर्वांत लांब धरायची. जटा झाल्या तर ती फेक बाद.

आदल्या दिवशी, शनिवारी, सराव झाला. दहा फेकी. आठ फेकी सत्तर मीटरच्या पुढे गेल्या, दोनदा जटा झाल्या. काका घरी आले ते त्या दोन जटा डोळ्यांपुढे घेऊन. फिटरची पोर आणि तळ्याच्या भर धक्क्यावर जटा! न्हावी काय म्हणेल, क्लबातले पोस्टमास्तर काय म्हणतील, हेच त्यांच्या मनात घोळत राहिलं. मुलीच्या काळजीत आपल्या नाकाची काळजी किती मिसळली आहे, हे त्यांना तेव्हा वेगळं करता आलं नाही. पुढे करता आलं, पण पुढे म्हणजे फार पुढे.

सकाळी मुलगी आत वेणी घालत होती. रीळ टेबलावर होतं. काकांनी ते तेलाचे दोन थेंब घालायला उचललं. थेंब घातले. मग आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि गुंडी आत फिरवली. दीड फेरा. फिरकीला आवर घालणारी ब्रेकची चकती तीनवर होती, ती सातवर नेली. वाटेत सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण वाटभर ती आनंदानं बडबडत होती, तिला मध्येच कुठे तोडायचं? धक्का आला, सांगायचं राहून गेलं.

घरचं रीळ. त्याला तिच्याखेरीज बापाचाच हात लागायचा. म्हणून तिनं मासा सोडून पाहिला नाही. सरळ उभी राहिली आणि पहिली फेक केली. मासा निघाला आणि कुणी मागून शेपूट धरल्यासारखा अर्ध्यावर पडला. अठ्ठेचाळीस मीटर.

"जेवून आली नाही वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या वेळी तिनं सगळा जोर लावला. त्रेपन्न. तिच्या आधीच्या गड्याची एकाहत्तर झाली होती.

तेव्हा तिनं रॉड आडवा धरला, रिळाची कळ दाबली आणि मासा खाली सोडला. तो उतरेचना. खुंटीला टांगल्यासारखा जागच्या जागी लटकत राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग मान वर करून गर्दीत बापाला शोधलं. काका बुटाची नाडी बांधावी तसे खाली वाकले. पायात चपला होत्या.

"चला ताई, वेळ होतोय," पंच असलेले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले.

तिनं ब्रेक मागे नेला, गुंडी अंदाजानं सोडली. किती आवळली होती ते तिला कुठे ठाऊक होतं? ती फार सुटली. आणि तिसऱ्या फेकीत झोका नव्हता, राग होता. फिरकी किंचाळली, जटा गच्च बसल्या, दोरी फटकन तुटली आणि मोकळा झालेला मासा मात्र उडतच राहिला. साठचं निशाण, सत्तरचं निशाण, पंच्याहत्तरचं निशाण मागे टाकून तो पाण्यात पडला. पोस्टमास्तरांनी लाल झेंडा वर केला. होडीवाल्यानं मासा शोधून आणून दिला. चांगला माणूस, तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "ताई, तुमचा मासा सगळ्यांच्या पुढे होता बरं का!"

घराच्या वळणावर ती थांबली.

"बाबा, माझ्या रिळाला हात लावला होतात?"

"तेल घातलं फक्त."

"बरं."

तेल तर घातलंच होतं. काकांनी तो आधार पुष्कळ दिवस धरून ठेवला.

त्यानंतर ती तळ्यावर गेली नाही. आधी परीक्षा म्हणाली, मग पाय दुखतो म्हणाली, मग कारण द्यायचंही सोडलं. रॉड कपाटामागे गेला. दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात नोकरी, मग लग्न, मग मूल. दर रविवारी दुपारी फोन यायचा तो आईला. मध्येच काकांच्या हाती फोन दिला जाई.

"बरे आहात ना?"

"बरा आहे."

"गोळ्या घेता ना?"

"घेतो."

"आईला द्या."

भांडण असतं तर मिटवता आलं असतं. इथे मिटवायला काही नव्हतंच. एवढं खरं की त्या दिवसानंतर कुणी रीळ आणून "काका, गुंडी तेवढी बसवून द्या" म्हणालं, तर ते हात मागे घेत. "जटा सोडवून देतो. गुंडी तुमची तुम्ही बसवा." म्हातारा तऱ्हेवाईक झाला, असं लोक म्हणू लागले.

नऊ वर्षं गेली. एका रविवारी फोन हाती आला आणि "बरे आहात ना?" या प्रश्नाला काकांच्या तोंडून भलतंच उत्तर गेलं.

"मी गुंडी आवळली होती. दीड फेरा. ब्रेकही सातवर नेला होता."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"धक्क्यावरच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं की वळणावर. तुम्ही तेल म्हणालात."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुला जटा होतील, सगळे हसतील, म्हणून..."

"झाल्या असत्या तर सोडवल्या असत्या. आपल्या घरात जटांचं काय भय? मला वाईट वाटलं ते वेगळंच. मला शिकवलं तुम्ही, आणि माझा अंगठा तुम्हालाच खरा वाटला नाही."

"शनिवारी आठ फेकी चांगल्या गेल्या होत्या," काका म्हणाले. "त्या मी धरल्याच नाहीत."

"मी धरल्या होत्या."

काकांची नजर कपाटाकडे गेली.

"रॉड आहे अजून. साफ करून ठेवलाय. पाठवू का?"

"नको, बाबा." आवाजात रागाचा लवलेश नव्हता, शेजारणीनं वाटीभर साखर देऊ करावी आणि ती घरात आहे म्हणून नाकारावी, इतकं साधं ते 'नको' होतं. "आता कुठे फेकू? आणि खरं सांगू, आता आठवणही येत नाही. आईला द्या."

काकांनी फोन दिला. मायलेकींचं नातवाच्या नव्या दातावर बोलणं सुरू झालं, मग लोणी कढवण्यावर, मग कुणाच्या तरी बाळंतपणावर. काका टेबलाशी जाऊन बसले. समोर शाळामास्तरांचं रीळ होतं, चांगलंच गुंतलेलं. त्यांनी सुई उचलली, पण एकही फास उकलला नाही. ठेवण्याआधी ती एकदा आपल्याला बोलावील, म्हणून कान तिकडे होते.

बायकोनं फोन ठेवला. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ती जवळ आली.

"रागावली नाही हो ती," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "तेच तर."