मांडीवरचा खोका

बत्तीस वर्षांच्या नोकरीत शेकडो गुन्हे हाताखालून गेले. बरेचसे आता एकमेकांत मिसळलेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, तेही आठवावं लागतं. थळजवळच्या रस्त्यावरची जानेवारीतली ती संध्याकाळ मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. ती मी आजवर दोनदाच सांगितली. एकदा कोर्टात, आणि आता इथे. कोर्टात सांगितली ती पूर्ण नव्हती.

तेव्हा मी किनाऱ्यावरच्या एका छोट्या ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. त्या पट्ट्यात मुंबईकरांच्या वाड्या भरपूर. सकाळी गेटवेवरून बोट पकडायची, मांडव्याला उतरायचं, नारळी-पोफळीत दिवस घालवायचा आणि शेवटच्या बोटीने परत जायचं. अशाच एका वाडीचा मालक मुंबईतला मोठा व्यावसायिक होता. त्याला वाइनचा भारी शौक. महिन्या-दीड महिन्याने तो ओळखीतल्या चार-पाच जणांना एका दिवसासाठी घेऊन यायचा. पोफळींच्या सावलीत लांब टेबल, त्यावर पांढरा कपडा, नाशिककडच्या सहा-सात बाटल्या. प्रत्येकीतला घोट-घोट चाखायचा, तोंडात खेळवायचा आणि तिच्यावर चर्चा करायची. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं होतं. आमच्याकडे दारू पिणारा दारू पितो, तिच्यावर भाषण देत नाही. पण त्यात बेकायदा काही नव्हतं. परवाना होता, कागद व्यवस्थित होते. अशा माणसांचे कागद नेहमीच व्यवस्थित असतात.

वाडी सांभाळायला एक जोडपं होतं. नवरा पंचेचाळिशीचा, वाडीचं सगळं बघायचा आणि मालक आला की त्याची गाडी चालवायचा. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. बायको स्वयंपाक करायची. वाडीच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत त्यांची दुसरी पिढी राहत होती, पण कागदावर त्यांचं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी पाचच्या सुमारास ठाण्यात फोन आला. मोठ्या गाडीने एका मासळीवाल्या बाईला उडवलं होतं. बाई थळची, वय पन्नासच्या पुढे. वाड्यांमधून मासळी विकून, रिकामी पाटी घेऊन कडेने घरी निघाली होती. गाडी तिला ठोकरून जांभ्याच्या गडग्याला घासत गेली आणि एक चाक गटारात जाऊन थांबली. आम्ही पोहोचेपर्यंत एका रिक्षावाल्याने बाईला दवाखान्यात नेलं होतं. वाटेतच ती गेली.

गाडीजवळ तो ड्रायव्हर उभा होता. चावी त्याने स्वतःहून माझ्या हातात दिली.

"सायेब, मीच चालवत व्हतो. बोट गाठायची घाई व्हती," तो म्हणाला.

त्याचे हात रक्ताने भरले होते. पुढची काच तडकलेली दिसत होती, म्हणून जास्त विचार केला नाही. गुन्हा नोंदवला, त्याला वैद्यकीय तपासणीला पाठवलं, रक्ताचा नमुना घेतला. त्यात मद्याचा अंश निघणार नव्हता हे उघड होतं.

मालक पाहुण्यांना घेऊन ठाण्यात आला. भेदरलेले पाच पाहुणे, आणि हा मात्र शांत. माझ्या समोरच्या खुर्चीत बसला, झालेल्या गोष्टीबद्दल हळहळला, बाईच्या घरच्यांसाठी काय लागेल ते करीन म्हणाला. बोलताना तोंडात वेलची होती. वेलचीच्या मागून दारूचा वास येत होता, चांगलाच येत होता. मी मनात म्हटलं, गाडीत बसलेल्या माणसाने प्यायली असेल तर आपल्याला काय करायचंय? बसणाऱ्याला कायदा विचारत नाही.

"साहेब, पाहुण्यांची शेवटची बोट आहे. काही सोय होईल का?" त्याने विचारलं.

मी सोय केली. सगळ्यांची नावं-पत्ते लिहून घेतले आणि ठाण्याच्या जीपने त्यांना मांडव्याला पोहोचवलं. मालकही त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्याकडे एक लाकडी खोका होता. माझ्या शिपायाने तो उचलून बोटीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठाण्याचा फोन वाजला. हवालदाराने रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे बाईचा आवाज होता, दबलेला.

"गारी त्यानं चालवली न्हाय. त्याचं हात बघा," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

ड्रायव्हर अजून कोठडीत होता. जामिनासाठी मालकाचा वकील दहाच्या बोटीने येणार होता. मी त्याला बाहेर बसवलं, चहा दिला आणि हाताची पट्टी सोडायला लावली. दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला बारीक, खोल चिरा होत्या. पँटच्या मांडीवरही रक्ताचे डाग होते. मग मी गाडीकडे गेलो. पुढची काच तडकली होती पण जागची हलली नव्हती. बाजूच्या सगळ्या काचा शाबूत. गाडीच्या काचेने कापलेले मी खूप पाहिलेत. ती काच फुटली तर साखरेच्या खड्यांसारखी फुटते, तिने अशा चिरा पडत नाहीत. मी अगदी मागच्या सीटखालची चटई उचलली. तिथे कागदासारख्या पातळ, गोलसर काचांचे तुकडे पडले होते, आणि ग्लासची एक लांब दांडी.

आमचा हवालदार जुना माणूस. दांडी बघून म्हणाला, "साहेब, चोर सोडून संन्याशाला सुळी दिली की आपण."

मी आत आलो. जुन्या सवयीने आवाज चढवायचा विचार होता, पण त्या माणसाकडे पाहून चढला नाही.

"काल खोका कुणाच्या मांडीवर होता?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली.

"मांडीवर खोका घेऊन स्टिअरिंग कसं धरलंस ते मला दाखव."

मग त्याने सगळं सांगितलं. मालकाचे ते ग्लास फार नाजूक. दर खेपेला मुंबईहून खोक्यातून यायचे आणि जायचे. आमचे रस्ते असे, की खोका खाली ठेवला तर मांडव्यापर्यंत एक ग्लास धड राहायचा नाही. म्हणून कुणीतरी मागे बसून तो मांडीवर धरायचा, ही त्या वाडीची रीतच होती. एरवी ड्रायव्हरची बायको मागे बसायची. त्या दिवशी जेवणं लांबली, बोट चुकायची वेळ आली. मालक म्हणाला, तू बैलगाडीसारखी हाकतोस, आण चावी इकडे. बायको वाडीतच राहिली आणि खोका याच्या मांडीवर आला.

"मग तू पुढे का झालास?"

"मालक बोलला, तू पीत न्हायस. तुला कायदा काय करनार? उद्या जामीन व्हईल. माज्यावर आला तर सगला संपंल."

"आणि तू ऐकलंस?"

"सायेब, सातबारा त्यांच्या नावावर हाय. म्हातारी आई हाय माजी. कुटं नेऊ तिला?"

यावर मी त्याला फाडफाड बोललो. एक बाई मेली आणि तू छपरासाठी खोटं बोलतोस, लाज नाही वाटत? तो रडला. मी बोललो त्यातला शब्दन् शब्द मला आजही पाठ आहे. तो विसरला असेल तर बरं.

त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून जबाब घेतला. त्याच्या बायकोचाही जबाब झाला. फोन तिचाच होता; निघताना स्टिअरिंगवर कोण बसलं आणि मागे कोण, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मालकाला अटक झाली, पण त्याच्या रक्ताचा नमुना घ्यायला दोन दिवस उशीर झाला होता. वरातीमागून घोडं. स्टिअरिंगवर ठसे दोघांचेही होते, कारण गाडी दोघेही चालवत. खोका मुंबईत मिळाला तेव्हा त्यात नवे कोरे ग्लास होते.

पाहुण्यांचे जबाब घ्यायला मी मुंबईला गेलो. पाच घरं, पाच वकील. गाडी ड्रायव्हरच चालवत होता असं पाचही जणांनी सांगितलं. वर प्रत्येकाने हेही सांगितलं, की आम्ही वाइन प्यायलो नाही, फक्त चव घेऊन बादलीत थुंकलो. तीस वर्षांत एक गोष्ट शिकलोय. पाच माणसं शब्दाला शब्द जुळवून बोलली, की ते शब्द सहाव्याने दिलेले असतात. परत आल्यावर मी ड्रायव्हरच्या बायकोला त्या बादलीबद्दल विचारलं.

"बादली मीच मांडलेली," ती म्हणाली. "थुकायला ठेवलेली व्हय, पन दिली तशी कोरडी परत आली. कोन थुकला न्हाय."

महिन्याभरात त्या जोडप्याला वाडी सोडावी लागली. मालकाने काही दमदाटी केली नाही. वकिलाकडून कायदेशीर नोटीस आली, एवढंच. म्हातारीला घेऊन ते माणगावकडे एका नातेवाइकाच्या पडवीत राहायला गेले.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. दरम्यान माझी बदली झाली होती आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. ड्रायव्हरने साक्ष दिली. बचावाच्या वकिलाने त्याला खोटारडा ठरवलं आणि ते सोपंच होतं, कारण पहिला जबाब मीच लिहिलेला होता. मग त्याची बायको उभी राहिली. वकील म्हणाला, घरातून काढलं म्हणून सूड उगवतेस.

"घर तं गेलाच," ती म्हणाली. "आता खोटा कशाला बोलू?"

पण नवऱ्याला वाचवणारी बायको म्हणून कोर्ट तिच्या शब्दावर किती भर देणार? सरकारी वकिलांनी मला आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. ड्रायव्हर न पिणारा आणि मालक प्यायलेला, म्हणून अदलाबदल झाली, हे एवढं कोर्टाला पटलं की केस उभी राहते. आणि ते सांगू शकणारा, कुणाचा नातेवाईक नसलेला माणूस एकच होता. मी.

उलटतपासणीत वकिलाने विचारलं, "अपघातानंतर माझे अशील तुमच्यासमोर किती वेळ बसले होते?"

"अर्धा तास."

"एवढ्या वेळात त्यांच्या तोंडाला मद्याचा वास आला?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मला दिसत होता. मग तपासणीला का पाठवलं नाहीत? आणि पोलिसांच्या जीपने बोटीवर का पोहोचवलंत? उत्तर कोर्टाच्या कागदावर गेलं की खातेनिहाय चौकशी, आणि चौकशी सुरू असताना निवृत्त झालो की पेन्शन अडकणार. बायकोचं ऑपरेशन ठरलं होतं. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं.

"लक्षात नाही," मी म्हणालो.

"लक्षात नाही, की आला नाही?"

ड्रायव्हरची बायको मागच्या बाकावर बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"आला नाही," मी म्हणालो.

निकाल लागला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, तरी गेलो. गाडी कोण चालवत होतं हे निःसंशय सिद्ध झालं नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपीची सुटका. बाहेर व्हरांड्यात त्या मासळीवाल्या बाईचा नवरा उभा होता. प्रत्येक तारखेला तो थळहून धुतलेला पांढरा सदरा घालून यायचा आणि मागे बसायचा, कधी काही बोलायचा नाही. त्या दिवशी त्याने मला थांबवलं.

"काय झाला सायेब?"

मी सांगितलं, संशयाचा फायदा मिळाला.

"कोनाला संशय व्हता?" त्याने विचारलं. "तुमाला तं म्हाईत व्हता."

तो भांडला नाही, शिवी दिली नाही. माझ्या उत्तराची वाट बघत उभा राहिला. मग जिना उतरून निघून गेला.

निवृत्त अधिकारी म्हणून कधी कुठे बोलायला जातो. लोक विचारतात, खोटं बोलणारा माणूस ओळखायचा कसा? पूर्वी मी रंगवून सांगायचो. नजर बघा, हात बघा, ओठ बघा. आता सांगवत नाही. खोटं कोण बोलतं आणि का, याचा मी मोठा जाणकार समजत होतो. छपरासाठी खोटं बोललेल्या गरिबाची मी तोंडावर लाज काढली. त्याच्या बायकोने छप्पर घालवून खरं सांगितलं. आणि मी खाकी घालून, शपथ घेऊन, तिच्यासमोर तिला खोटं पाडलं. त्या बाईला भेटून हे सांगायला हवं होतं. दोनदा माणगावच्या एसटीत बसलो आणि दोन्ही वेळा वाटेत उतरून परत आलो.

अशा आठवणींत नावं लिहायची नसतात, म्हणून इथे कुणाचं लिहिलेलं नाही. ज्याला कोर्टाने निर्दोष ठरवलं त्याचं तर लिहिताच येत नाही. माझं नाव मात्र पूर्ण छापा, हुद्द्यासकट, असं संपादकांना कळवलं आहे.