ओजिमातली शिवरात्रीची थंडाई

तोक्योतल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीत मी आणि माझा नागपूरचा मित्र समोरासमोर राहायचो. दोघंही एकाच बँकेच्या सॉफ्टवेअरवर होतो. त्या शिवरात्रीला त्याचे वडील त्याच्याकडे आले होते. सकाळी मला हाक मारून काकांनी बॅगेतून एक पुडी काढली.

"संध्याकाळी थंडाई. महादेवाच्या प्रसादाला घरची भांग आणली आहे."

मी हादरलोच. मित्र मात्र निवांत. तो आधी स्पेनमध्ये कामाला होता.

"अरे, तिथं याचे खासगी क्लब असतात. फक्त सभासद, दार बंद, विक्री नाही. आपण तिघांचा क्लब काढू. बाबा अध्यक्ष!"

"आणि वार्षिक सभा कोठडीत?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हातात पडेल ते शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, ही सवय त्यातूनच लागली. कंपनीनं दिलेली नियमांची पुस्तिकाही मी तशीच वाचली होती. इतरांनी त्यातलं कचऱ्याचं वेळापत्रक तेवढं फाडून फ्रिजला लावलं होतं. जपानमध्ये गांजा असो की भांग, नुसती जवळ सापडली तरी अटक. घर खासगी आहे म्हणून सूट नाही.

मी हे सांगितलं तसे काका भडकले. "काऊन रे, चार बुकं शिकला म्हणून मला कायदा सांगतो?"

"हो काका, त्यासाठीच शिकलो. तुमच्यासोबत यालाही धरतील. नोकरी जाईल, व्हिसा जाईल."

काकांनी मुलाकडे पाहिलं. "खरं आहे?"

मित्र खाली बघत म्हणाला, "तुम्ही एवढ्या लांबून आणलीत. नाही कसं म्हणू?"

काकांनी पुडी खिशात घातली. मग म्हणाले, "बरं. नदीत सोडून येतो."

"पुडी घेऊन रस्त्यावर? वाटेत पोलीस चौकी आहे. संडासात टाका."

"प्रसाद संडासात? वेडा झाला का?"

ऑफिसची वेळ टळत होती. "काका, देवापुढे ठेवून झाली का?"

"नाही. पूजा संध्याकाळी."

"मग प्रसाद कुठे झाला? अजून नुसता पालाच आहे."

काका पोट धरून हसले आणि स्वतःच संडासात पाला टाकून पाणी सोडून आले. रिकामा कागदही विसळून घेतला.

संध्याकाळी बदाम, बडीशेप आणि जरा जास्तच मिरी घातलेली थंडाई झाली. देवाला दाखवून काकांनी पहिला पेला माझ्यापुढे धरला.

"घ्या, वकीलसाहेब."