परतीची सुपारी

गोदाआत्या गेल्याचे मला ठाण्याच्या कचेरीत कळले. कल्याणहून आलेल्या माणसाने निरोप सांगितला तेव्हा मी कुणाच्या तरी अर्जावर शेरा लिहीत होतो, आणि लाज वाटते सांगायला, तो शेरा पुरा करूनच मी उठलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परतली ती कायमची. आमचे कल्याणचे घर शहापूरकडे जाणाऱ्या वाटेवर. कोकणातले यात्रेकरू होडीने बंदरात उतरत, आमच्याकडे जेवत आणि पायी त्र्यंबकेश्वराला निघत. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, वाटेसाठी केळीच्या पानात भाजलेल्या पानग्या. निघणारा प्रत्येक जण आपल्या धोतराची चिंधी फाडून तीत एक सुपारी बांधी आणि आत्याच्या हाती देई. ती कोनाड्यात राही. परतल्यावर त्याने दारात उभे राहून "परत आलो" म्हणायचे, वालाचे बिरडे आणि खीर जेवायची, मग आपली सुपारी घेऊन घरी जायचे. कोनाड्यातली शेवटची सुपारी जाईपर्यंत वाढणाऱ्या बाईने वेस ओलांडायची नाही. कुणाला आठवणही करून द्यायची नाही, कारण ते जेवण काढून दाखवल्यासारखे होते. नियम पणजोबांनी घातला, पाळायची मात्र आत्या.

कोण कधी परतेल याचा नेम नसे, म्हणून तिचे वाल कायम भिजत घातलेले. सोलून सोलून तिची नखे झिजली होती. नाव गोदावरी, पण गोदावरी उगम पावते कुठे ते तिने फक्त पानावर बसलेल्यांच्या तोंडून ऐकलेले. "एकदा तिथलं पाणी डोक्यावर घेईन, मग कुठंही मरेन," म्हणायची. तेवढेच तिचे मागणे होते.

आगगाडी घाट चढून नाशकापर्यंत गेली आणि वाट ओस पडली. जे पायी जात तेही येताना गाडीतून थेट घर गाठत. कोनाडा भरत चालला. मग कुणी लग्नकार्याला कल्याणात आला, कुणी बंदरावर मालाला आला, की ओशाळून दारात उभा राही. वर्षानुवर्षे अशा एकेक सुपाऱ्या सुटत गेल्या.

आठ वर्षांपूर्वी मीही कचेरीतल्या मित्रांबरोबर हौसेने पायी त्र्यंबकला गेलो. येताना रजा संपत आली होती. गाडी कल्याणला थांबली, मी खिडकीतून बंदराकडे पाहिले, आणि ठाण्याला उतरलो. पुढे आत्याकडे कितीदा गेलो, पण घरचाच म्हणून मागल्या दाराने… असेल ते जेवायचे आणि निघायचे.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या बायका शिवरात्रीला त्र्यंबकला निघाल्या होत्या. आत्याचे बोचके बांधलेले पाहून मला बरे वाटले. पण ती वाल सोलत बसली होती.

"आत्या, निघाली नाहीस?"

"एक सुपारी राहिलीये रे."

"कुणाची?"

"येईल तो."

मी हसलो. म्हणालो, "तो केव्हाच घरी पोचून तुला विसरलाय. फोड ती अडकित्त्यानं आणि जा."

तिने माझ्याकडे पाहिले. अगदी शांतपणे. मग म्हणाली, "तू जेवून जा." मला तिचा राग आला होता, शहाणपण सांगायला तेव्हा माझ्यापाशी भरपूर होते.

तेराव्याला गेलो तेव्हा चुलतभावाच्या बायकोने माझ्या हातावर एक चिंधी ठेवली. निळ्या काठाची. ते धोतर माझे होते.

"आत्यांनी बजावलं होतं, मी असेपर्यंत बोलू नकोस," वहिनी म्हणाल्या. "गेल्या त्या दिवशीही वाल भिजत घातले होते, भावोजी."

मला तिथे बसवेना.

चिंधी आता इथे, ठाण्यात, माझ्या दौतीशेजारी असते. रोज लिहायला बसलो की दिसते. जेवल्यावाचून सुपारी सोडायची नाही, आणि वाढणारी गेली. गाठीला मी हात लावलेला नाही. पुढच्या दाराने यायचे होते आणि दोन शब्द म्हणायचे होते… घरच्या नियमाने मी त्र्यंबकहून अजून परतलेलो नाही.