कापडाबद्दल एकच खोटं

विमलताई साळवे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मीही चार ओळी लिहाव्यात, असा त्यांच्या विद्यार्थिनींचा आग्रह होता. मी कापडवाला, मीटरपट्टीचा माणूस. तरी लिहितो, कारण ताईंची एक गोष्ट माझ्याकडंच राहून गेली आहे.

ताईंची ओळख मला आधी आवाजानं झाली. बिडकीनहून येऊन मी पैठण गेटच्या फुटपाथवर कटपीस विकत असे. वर माडीवर ताईंचं शिवणाचं दुकान होतं. एका बाईंना विरळ विणीच्या कापडाचा घट्ट ब्लाऊज हवा होता. ताईंचं बोलणं खालपर्यंत आलं, “शिवते की. पण काखेत उसवंल. आत्ताच सांगते, मग मला बोल लावू नका.” मला वाटलं, असं बोलून दुकान चालायचं नाही. पुढं माझं स्वतःचं दुकान झालं आणि माझीच गिऱ्हाइकं त्यांच्या जिन्यावर ताटकळलेली दिसू लागली. कापडाबद्दल ताई खोटं बोलत नाहीत, हे सगळ्या बाजाराला ठाऊक झालं होतं.

एकदा मी सुरतेहून बारीक उभ्या चुण्यांचं जांभळं कापड आणलं. शहरातल्या शिंप्यांनी हात टेकले. इस्त्री फिरवली की चुण्या मरत, टक्स घातले की कापड फुगे. ताईंनी ते दाराच्या खुंटीला नुसतं टांगून ठेवलं. मी घाई केली तर म्हणाल्या, “शेठ, दम धरा. त्याला किती लोंबायचंय ते लोंबू द्या, मग कात्री.” त्याच कापडातून त्यांनी एका प्राध्यापिकाबाईंना आत अस्तर लावून अंगाबरोबर बसणारा कुर्ता शिवून दिला. एक चुणी हलली नाही. मी स्वतः पाहिला आहे.

पुढं माझी पत्नी मंदा आजारी पडली. मुलीचं लग्न ठरलेलं होतं. पैठणीचा भार तिच्या खांद्याला सोसवेना, ब्लाऊज पुन्हा पुन्हा आत घ्यावे लागत. तिनं ते जांभळं कापड काढलं आणि मुलीच्या मोबाइलवरचा एका कुर्त्याचा फोटो घेऊन ताईंकडं गेली. मी पडद्याबाहेर स्टुलावर बसलो होतो.

“असा पाहिजे, ताई. कमरेत बसणारा. लग्नात लोकांनी पोरीकडं बघावं. माझ्याकडं बघून हळहळू नये.”

आत कापड उलगडल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाल्या, “हे कापड घट्ट शिवण सोसत नाय, मंदा. ह्याला वरून सोडलेलाच नमुना लागतो. खांद्यावर पट्टी, खाली सगळं मोकळं.”

मी दचकलो, प्राध्यापिकाबाईंचा कुर्ता आठवला. मग उमगलं. लग्नाला अवकाश होता आणि मंदा दिवसेंदिवस उतरत होती. आज घेतलेलं माप तेव्हा तिच्या अंगावर लोंबलं असतं. मोकळ्या चुण्यांचं तसं नसतं, अंग उतरलं की त्या आपापल्या मिटतात. हे तिला सांगण्याऐवजी ताईंनी दोष कापडावर टाकला. पडद्याच्या फटीतून दिसलं, टेप गळ्यातच ठेवून खांदा त्यांनी वितेनं मोजला.

लग्नात मंदा पुढच्या खुर्चीवर बसली होती. मागून बिडकीनची माझी चुलती म्हणाली, “मंदाची तब्येत सुधारली वाटतं. लई छान दिसती.” ते तिच्याही कानावर गेलं. तिनं मान वळवली नाही, फक्त मांडीवरच्या चुण्या सारख्या केल्या.

घरी आल्यावर मंदा मला म्हणाली, “ताई खोटं बोलल्या, व्हय ना? कापडवाल्याची बायको मी. मला कळत नाय का?”

कुर्त्याच्या चुण्यांवरून हात फिरवत तीच पुढं म्हणाली,

“त्यांना सांगू नका. त्यांना वाटू द्या, मला पटलं म्हणून.”

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तो कुर्ता मी कपाटात टांगूनच ठेवला आहे. घडी घालायची नाही, असं ताईंनी बजावलं होतं.

तिचा शब्द मी आजवर पाळला. पण माणसाचा गौरव करताना त्याचं सगळ्यात मोठं काम लपवून ठेवणं मला बरं वाटेना. म्हणून ताई, आज सांगतो. तिला कळलं होतं, आणि तरीही तिनं तो आनंदानं घातला. तुमची नजर आणि हात असेच शाबूत राहोत, जिना चढायचं बळ राहो, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो. आणि कापडाबद्दल पुन्हा खोटं बोलायची वेळ तुमच्यावर कधी न येवो.