नवऱ्याच्या कबरीतली जागा

नागपुरातलं आमचं जुनं ख्रिस्ती कब्रस्तान कधीचंच भरलं. नवीन कबरीला तिथे जागा नाही. घरातलं कोणी आधी तिथे असेल, तर तीच कबर उघडून घरच्या दुसऱ्या माणसाला त्यात ठेवतात. पण एकदा उघडली की पंधरा वर्षं पुन्हा हात लावायचा नाही, असा चर्चच्या कमिटीचा नियम आहे. उघडायला सर्वांत जवळच्या नातलगाची सही लागते. बाकीच्यांना कुहीच्या रस्त्याला मिळालेल्या नव्या जागेत नेतात. तिथे काळी माती. पावसात कबरी खचतात आणि भेटायला कोणी जात नाही.

माझा नवरा वीस वर्षांपासून जुन्या कब्रस्तानात आहे. आम्हाला मूल नाही, म्हणून सही माझी.

त्याची बहीण, माझी नणंद, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तिनं लग्न केलं नाही. दवाखान्यात आया होती, नंदनवन वस्तीत एका खोलीत राहायची. भावाला लकवा मारला तेव्हा नोकरी सोडून आमच्याकडे आली आणि तीन वर्षं तिनं त्याचं केलं. मी स्वयंपाक केला. हागणंमुतणं तिनं काढलं. त्याच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. त्याच्या मातीच्या दिवशी लोक मला म्हणाले, "काय सेवा केली बाईनं नवऱ्याची!" मी ऐकून घेतलं. ती शेजारीच उभी होती.

दोन वर्षांपूर्वी तिचं लिव्हर गेलं. एक दिवस दुपारी आली आणि माझ्यासोबत वालाच्या शेंगा सोलायला बसली.

"वहिनी, एक मागू काय?"

"माग ना वं. माझ्यापाशी आहे तरी काय?"

"दादाच्या कबरीत मले जागा दे. डॉक्टर म्हणते, आता जास्त दिवस नाही."

मी हातातली शेंग सोलून घेतली. "अन् मी कुठं जाऊ?"

"तू त ठणठणीत आहे. शंभरी काढते तू."

"काहून, तुझी पंधरा वर्षं भरायची वाट पाहत जगू काय मी?"

ती हसली. हसताना तिला पोट धरावं लागायचं. "बरं, राहू दे. मी आपलं विचारून पाहिलं."

"नवऱ्याजवळ बायको असते," मी म्हणाले. "बहीण नाही."

"हो, बरोबर आहे तुझं." तिनं तिचे दाणे माझ्या ताटात ओतले आणि चपला घालून गेली.

पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. वेदीपुढे कठडा आहे, तिथे ओळीनं गुडघे टेकून भाकर आणि प्याला घ्यायचा. त्याआधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात, कोणाशी बिघडलं असेल तर आधी जाऊन समेट करा, मग पुढे या. मी मन चाचपलं. बिघडलं असेल तर तिचं, माझं काही बिघडलेलं नाही, असं ठरवून पुढे गेले. तीच शेजारी येऊन टेकली. उठताना माझे गुडघे धरतात. तिच्या अंगात जीव नव्हता, तरी तिनं माझं कोपर धरून मला उठवलं. मला तिचा राग आला. हात दिला म्हणून राग आला.

चोरी केली तर आपण चोर आहोत हे माणसाला कळतं. स्वार्थात तसं होत नाही. त्यात आपण बरोबरच दिसतो. मी रोज बायबल वाचत होते, उपास धरत होते. महिला सभेत मी तिच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली, तिला आराम दे, शांती दे. बाया आमेन म्हणाल्या. ती जे मागत होती ते माझ्या हातात होतं. मी तेवढं सोडून बाकी सगळं देवाकडे मागितलं.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात मला राहवेना. चर्चच्या ऑफिसातून कबर उघडायच्या परवानगीचा कागद आणला आणि सही केली. तिथेच दिला असता तर संपलं असतं. पण मी तो पिशवीत ठेवला. खरं सांगते, तिनं पुन्हा एकदा मागावं असं मला वाटत होतं. थोडं रडावं, आणि वहिनीनं आपली जागा दिली म्हणून चार बायांना सांगावं. फुकट द्यायला माझा हात निघेना.

पाच आठवडे मी तिच्याकडे पेज घेऊन गेले. दर वेळी पिशवीत तो कागद.

"काही पाहिजे काय तुले?"

"नाही वं वहिनी. पाणी दे."

पाणी दिलं आणि घरी आले. सहाव्या आठवड्यात ती गेली.

मी कागद घेऊन पाळकसाहेबांकडे धावले. पोरगेलासा माणूस आहे. त्यानं कागद वाचला आणि टेबलावर ठेवला.

"आजी, त्यांनी महिन्याआधीच लिहून दिलं. नव्या जागेत ठेवा म्हणून."

"सही माझी लागते ना? मी देऊन राहिली ना!"

"त्यांची इच्छा कमिटीनं मंजूर केली, आजी. वहिनीच्या जागेसाठी तिच्याकडे कोणी जाऊ नका, असं लिहिलं आहे."

तिला काळ्या मातीत ठेवलं. माती टाकायला वाकले तेव्हा खड्ड्याच्या तळाशी पाणी दिसलं.

आता नवऱ्याच्या कबरीतली जागा माझी आहे. जे हवं होतं ते मिळालं. नवऱ्याशेजारी जायचं म्हटलं की एकच विचार येतो. बहीण कुठे आहे असं त्यानं विचारलं तर? मग मी अर्ज लिहायला बसले, मलाही कुहीच्या रस्त्यालाच ठेवा, तिच्याजवळ. चार ओळी लिहिल्या आणि हात थांबला. यात तिचं काय भलं होतं? काहीच नाही. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून लिहीत होते. इथेही मीच. अर्ज फाडला.

तेव्हापासून मी प्रभुभोजनाला बाकावरून उठत नाही. वर्ष होऊन गेलं. परवा पाळकसाहेब घरी आले.

"किती दिवस अशा बसून राहाल? देव क्षमा करतो, आजी."

"देव करेल. तिच्याकडून घ्यायची राहिली ना."

"त्यांनी केली असेल."

"तुम्हाले काय माहीत?"

त्यानं बायबल उघडलं. मी त्यावर हात ठेवला.

"तुम्हीच म्हणता, आधी समेट करा, मग या. तुम्ही शिकून आले. मेलेल्या माणसाशी समेट कसा करतात, ते सांगा."

त्यानं बायबल बाजूला ठेवलं. डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली, चांगली लांब. संपल्यावर थांबला. माझ्या आमेनची वाट पाहत होता. मला म्हणता आलं नाही.