करामती पत्ते नकोत

आम्ही मालेगावकडचं गाव सोडून नाशिकला आलो तेव्हा मुलगी सहावीत होती. मला अंबडच्या एका कारखान्यात प्लॅनिंगची नोकरी लागली होती, सिडकोत दोन खोल्यांचं भाड्याचं घर मिळालं होतं, आणि माझ्या मते आमचं झकास चाललं होतं. माझ्या मते असं म्हणतो, कारण बायकोचं मत निराळं होतं. तिचं लक्ष पोरीकडे होतं. पोरगी शाळेतून यायची, दप्तर टाकायची, आणि गॅलरीच्या कठड्याला हनुवटी टेकून खालची मुलं बघत बसायची.

झालं होतं इतकंच, की पहिल्याच आठवड्यात ती खाली गेली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "माले बी खेळनं शे." म्हणजे मलाही खेळायचंय. मुलं हसली. वाईट नव्हती पोरं, पण पुढे दोन-चार दिवस जिन्यात ती दिसली की कुणीतरी "शे शे शे" करायचं. तेव्हापासून तिने खाली तोंडाला कुलूप लावलं. घरात मात्र ती इतकी बोलायची की रेडिओ लावायची गरज नव्हती. बायकोला याची फार काळजी. मी म्हणायचो, रुळेल. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली तरी ती रुळली नाही, आणि मग मलाही रात्री जेवताना घास गोड लागेना.

त्या वर्षी खाली पत्त्यांचं वेड होतं. आपले बावन्न पत्ते नव्हेत. टीव्हीवरच्या कार्टूनमुळे आलेले ते चकचकीत पत्ते, प्रत्येकावर एक अक्राळविक्राळ प्राणी, खाली हल्ल्याचा आणि बचावाचा आकडा, आणि काहींवर मुंगीच्या अक्षरातलं इंग्रजी. स्टेशनरीच्या दुकानात पाकिटं मिळायची. त्यातले बहुतेक नकली असणार, पण खेळ अगदी खरा होता. मुलं जिन्याखालच्या ओट्यावर बसून तासन्‌तास खेळायची. पुण्याच्या माझ्या भाच्याने नेमका तेव्हाच हा नाद सोडला होता, त्याने त्याचे सगळे पत्ते बुटांच्या खोक्यात भरून आमच्या पोरीला पाठवले. खोका उघडला तेव्हा तिचे डोळे असे चमकले की मी मनात म्हटलं, आता काम झालं.

काम अर्धंच झालं होतं. सुट्टीत बिल्डिंगच्या मुलांनी स्पर्धा ठेवली होती. प्रत्येकाने चाळीस पत्त्यांचा गठ्ठा आधी ठरवायचा, मग तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. पोरीने शेजारच्या मुलीकडे चिठ्ठी देऊन नाव घातलं. बोलून नाही, चिठ्ठी देऊन. तरी मी खूश. तीनशेच्या वर पत्ते, त्यातून चाळीस निवडायचे. अहो, हे तर माझंच काम. कारखान्यात मी दुसरं करत काय होतो? कुठला माल आधी, कुठला नंतर, कशावाचून अडतं आणि कशावाचून अडत नाही.

रविवारी सकाळी मी पलंगावरची चादर ताणून घेतली आणि पत्ते मांडले. मुलांनी त्यांचे दोन प्रकार केले होते. नुसते आकडे असलेले ते साधे. आणि इंग्रजी मजकूर असलेले ते करामती, म्हणजे समोरच्याचा पत्ता उडवणारे, मेलेला पत्ता परत आणणारे, हल्ला उलटवणारे. मी सगळे करामती पत्ते एका रांगेत लावले, डिक्शनरी घेऊन एकेकाचा अर्थ लावला आणि त्यातले अठरा निवडले. वर साधे बावीस. गठ्ठा असा जमला होता की मीच खाली जाऊन खेळावं असं वाटलं.

"आप्पा, हाऊ नको," पोरीने समोरच्याचा पत्ता उडवणारा उचलून बाजूला ठेवला.

"अगं, हा तर हुकमी आहे."

"नको ना."

मग तिने मेलेला परत आणणारा काढला. मग हल्ला उलटवणारा. मी आत घालायचो, ती बाहेर काढायची. मी तिला उदाहरणं दिली, दोन डाव खेळून दाखवले, तिन्ही वेळा तिला हरवलं. तिसरा डाव कुठून आला ते विचारू नका, मी इरेला पेटलो होतो. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. करामती पत्त्यांच्या जागी तिने काय घेतलं, तर कासव, भिंत, दगडाचा माणूस, असले बसकण मारून बसणारे साधे पत्ते. माझा आवाज चढला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुम्ही कंपनीमा बी असंच करतस का?"

"कंपनीत माझं ऐकतात," मी म्हणालो. हे खरं नव्हतं, पण तिला पडताळून बघता येण्यासारखं नव्हतं.

शेवटी मी हात टेकले आणि जो प्रश्न सुरुवातीलाच विचारायला हवा होता तो विचारला. तुला हे पत्ते का नकोत? ती पत्त्यांच्या कडा जुळवत बसली. मग हळूच म्हणाली, "त्यासले पुकारनं पडस."

तो नियम मला ठाऊक नव्हता. पत्त्यांवरचं इंग्रजी कुणालाच धड कळायचं नाही, आणि त्यावरून रोज मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून मुलांनीच ठरवलं होतं की करामती पत्ता टाकणाऱ्याने तो वर धरायचा आणि त्याने काय होणार ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत सांगायचं. याला पुकारा म्हणायचे. पुकारा केला नाही तर पत्ता वाया. साधा पत्ता मात्र मुकाट्याने टाकला तरी चालत होता.

"मंग सगळा हसतस," ती म्हणाली.

मला भयंकर वाईट वाटलं. एवढीशी पोर, घरात अखंड बोलणारी, आणि ती जिंकायचे पत्ते नव्हे तर गप्प राहायचे पत्ते शोधत होती. तिला समजावावं, की हसू देत, तू बोल, असं ओठांवर आलं होतं. पण शहाण्या माणसाने दुसऱ्याला दिलेला धीर दुसऱ्याच्या किती कामाला येतो हे मी कारखान्यात रोज बघत होतो. मी माझे अठरा करामती पत्ते गोळा केले आणि खोक्यात टाकले. म्हटलं, चल, एकही पुकारा लागणार नाही असा गठ्ठा करू. पण असा करू की त्यांच्या नाकी नऊ आले पाहिजेत.

ती दुपार फार मजेची गेली. नुसत्या साध्या पत्त्यांवर जिंकायचं तर एकच रस्ता होता. बचावाचा आकडा मोठा असलेले पत्ते आडवे, म्हणजे बचावाला, टाकून बसायचं, समोरच्याला डोकं आपटू द्यायचं, आणि तो दमला की उभ्या, म्हणजे हल्ल्याच्या, पत्त्याने मारायचं. पण मग आडव्या पत्त्याचा एकूणएक नियम पाठ हवा. आम्ही भाच्याच्या खोक्यातला नियमांचा घडीचा कागद उलगडला आणि तेवढाच भाग घोटला. हल्ला कमी पडला तर काय, जास्त पडला तर काय, बरोबरी झाली तर काय. बरोबरी झाली तर आडवा पत्ता मरत नाही, हे तिने माझ्याकडून चार वेळा खेळवून घेतलं. बायकोनेही मध्येच हात धुऊन एक डाव टाकला आणि मला हरवलं. ते मी पुण्याला भाच्याला कळवलं नाही.

स्पर्धेच्या संध्याकाळी पोरगी खाली गेली. मी गॅलरीत उभा राहिलो, पण मागे सरकून, तिला दिसू नये असा. पहिला मुलगा तिच्या भिंतींवर डोकं आपटून संपला. दुसऱ्याचंही तेच झालं. ती एक अक्षर बोलली नव्हती. पत्ता आडवा, पत्ता आडवा, पत्ता उभा. मुलं आता तिच्याभोवती गोळा झाली होती. माझं गणित चोख बसलं होतं आणि मला काही केल्या आनंद होत नव्हता. ही अशीच मुक्याने जिंकून वर आली तर उद्याही मुकीच खाली जाईल, हे मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं.

तिसरा डाव चष्मेवाल्या मुलाशी होता. तो बिल्डिंगचा पट्टीचा खेळाडू, आणि नियमही बहुतेक त्याच्याच तोंडातून निघायचे. त्याने एक भलामोठा ड्रॅगन काढून तिच्या कासवावर सोडला. आकडे जुळले. बरोबरी. "कासव मेलं," असं म्हणून त्याने स्वतःच हात पुढे करून तिचा पत्ता उचलला आणि बाजूच्या ढिगात ठेवला.

ती ढिगाकडे बघत राहिली. आता ही पत्ते आवरून वर येणार, असं मी धरून चाललो. मी दार उघडायलाही वळलो.

"ठेव तो," खालून आवाज आला. बायको पोळी तव्यावर टाकून धावत बाहेर आली.

"मेला ना तो," मुलगा म्हणाला.

"तू खोटं बोलस. बरोबरी व्हयनी. आडवा पत्ता मरत नही. माले नियम माहीत शे."

कुणीतरी हसलं. कुणीतरी "शे शे" सुद्धा केलं. तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती उभी राहून बोटावर मोजत कमी, जास्त, बरोबरी असे तिन्ही नियम त्या मुलाला ऐकवू लागली, आपल्या आजोळी बांधावरून बायका भांडतात त्या आवाजात. तो म्हणाला तसं नसतं. ती म्हणाली तसंच असतं. शेजारची मुलगी तिच्या बाजूने बोलायला लागली, दोघे त्याच्या बाजूने, आणि पाहता पाहता जिन्याखाली असा कल्ला उसळला की वरच्या मजल्यावरचे काका डोकावून ओरडले. त्यांच्याकडेही कुणी पाहिलं नाही.

आत पोळी करपल्याचा वास सुटला होता. बायको कठड्याला धरून खाली वाकली होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"ताट वाढू का? हाक मारू तिले?" तिने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "भांडू दे."